पहिला झुरका

आमच्या जेठांनी बायकोच्या दुःखात बिडी सोडली, असं गावात सांगतात. पारावर सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगतात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगतात. परवा नदीवर धुणं धुताना एका बाईनं मलाच सांगितलं. म्हणे, बायकोवर जीव असावा तर पितांबर नानांसारखा असावा. मी हातातलं धोतर दगडावर असं आपटलं की तिच्या तोंडावर पाणी उडालं. धोतर नानांचंच होतं.

करून करून भागले आणि देवपूजेला लागले, अशी म्हण आहे. आमचे नाना देवपूजेलाही लागले नाहीत. त्यांची बिडी कशी बंद झाली ते मला ठाऊक आहे, त्यांना ठाऊक आहे, आणि बायकोच्या बाराव्याला मांडवात बसलेल्या शंभर माणसांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी गोष्ट मात्र प्रेमाचीच चालते. चालू दे. मी माझी सांगते.

मी या घरची धाकटी सून. धरणगावपासून सायकलीच्या रस्त्यावर आमचं गाव. पितांबर नाना माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे जेठ. त्यांची बायको भिकुबाई, तिला मी अक्का म्हणायची. जेठाशी धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. समोर बसायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, आणि काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, नाहीतर गोठ्यातल्या म्हशीला, आणि जेठानं ते ऐकून घ्यायचं. पंचवीस-सव्वीस वर्षं मी या माणसाचं रांधलं, वाढलं, धुतलं आणि एक अक्षर बोलले नाही. आमचं भांडण नव्हतं. बोलले असते तर नक्की झालं असतं.

रीत अशीही आहे की जेठानं घरात शिरताना उंबऱ्याबाहेर खाकरावं, म्हणजे आतली सून पदर सावरते. दुसऱ्या घरात हे ठीक चालतं. आमचे नाना उठल्यापासून निजेपर्यंत खाकरतच असायचे. ते आत येताहेत, बाहेर जाताहेत की नुसतेच खाटेवर पडलेत, बाईमाणसानं ओळखायचं कसं? म्हणून माझा पदर दिवसभर डोक्यावर. वैशाखात आमच्याकडं काय ऊन असतं ते इथल्याच माणसाला माहीत. नानांच्या खोकल्यापायी माझी टाळू शिजायची, आणि आजारी कोण, तर नाना.

तरुणपणी नाना धरणगावला एका जिनिंगमध्ये होते. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळी झाली की आवारात कापसाचे डोंगर लागायचे, एक ठिणगी पडली तर सगळं खलास. म्हणून फाटकावर पहारेकरी प्रत्येकाचे खिसे चाचपायचा आणि काडीपेटी काढून घ्यायचा. बिडी न्या, काडी नाही. नानांच्या दोन-चार काडीपेट्या अशा गेल्या, तेव्हा त्यांनी काडीपेटी बाळगणंच सोडलं. मधल्या सुट्टीत फाटकासमोरच्या पानटपरीवर सुंभाचा धुमसता दोर टांगलेला असायचा, त्यावर ते बिडी पेटवायचे. आणि घरी आले की अक्का होतीच.

इथवर माझं काही म्हणणं नाही. पण पुढं या माणसानं त्याचा मोठेपणा केला. मी काडीपेटी बाळगत नाही, हे ते असं सांगायचे जसं एखादा माळकरी सांगतो की मी मटणाला शिवत नाही. जिनिंग सुटलं, पहारेकरी मेला, तरी नानांच्या खिशात काडीपेटी आली नाही. खाटेवर बसून नुसता हात लांब करायचा, हातात बिडी, तोंड दुसरीकडं, आणि म्हणायचं, "ऐकस का वं." एवढंच. पुढचं अक्कानं समजायचं.

अक्का हातातलं टाकून उठायची. भाकरी तव्यावर असली तर ती मला उलटायला सांगायची. बिडी घेऊन चुलीशी वाकायची, चिमट्यानं निखारा धरायची, बिडी ओठात घ्यायची आणि ओढायची. बिडी नुसती विस्तवाला लावून पेटत नाही. तिला ओढावं लागतं, एकदा, दोनदा, पावसाळ्यात सर्दावलेली असली तर चांगलं चार वेळा. टोक लाल झालं की अक्का तोंडातला धूर खाली मान घालून सोडायची, ओठाकडचं टोक पदरानं पुसायची आणि नेऊन द्यायची. पुसायची का, तर नवऱ्याला बायकोचं उष्टं नको. तिच्या पेल्यातलं पाणी नाना कधी प्यायले नाहीत. बिडी चालायची.

बरं, बिडी म्हणजे काही सिगारेट नव्हे. दोन मिनिटं ओढली नाही की विझते. नानांना गप्पांचा नाद. राजकारण, केळीचे भाव, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सगळं बोलता बोलता बिडी विझायची आणि हात पुन्हा लांब व्हायचा. दिवसाकाठी दोन कट्टे जायचे, आणि एकेक बिडी दोनदा-तीनदा पेटायची. मी नवी नवरी होते तेव्हा सासूनं मलाही सांगितलं होतं, माणसाला विस्तव मागायला लावू नये. माझं नशीब एवढंच की आमच्या ह्यांना तंबाखू लागायची. चुना मळून द्यायला तोंड लावावं लागत नाही.

नानांचा दम सुटायला लागला तो ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात. आधी शेताची चढण चढताना, मग अंगणातून ओट्यावर येताना. सकाळी उठल्यावर तासभर खोकायचे आणि खाटेखालच्या राखेच्या टोपल्यात थुंकायचे. ते टोपलं अक्का रोज उचलायची. कारणं मात्र नानांकडं भरपूर होती. एक वर्ष कापसाची धूळ झाली. ती खरी असेलही थोडी, पण त्यांच्याबरोबर त्याच धुळीत राबलेले आणि बिडी न ओढणारे वना पाटील अजून सायकलीवर पाचोऱ्याला जातात. दुसऱ्या वर्षी विहिरीचं पाणी झालं. मग लेकीच्या लग्नात सासरच्यांनी दिलेली गोधडी, तिच्यातल्या कापसात म्हणे काहीतरी होतं. आणि शेवटी त्यांना खरा गुन्हेगार सापडला. चूल.

चुलीचा धूर माझ्या छातीत जातो, असं त्यांनी जाहीर केलं आणि आमची चूल घरातून उचलून गोठ्यामागं नेली. वर पत्र्याचा एक तुकडा, तिन्ही बाजू उघड्या. आम्ही दोघी जावा पुढची कितीतरी वर्षं वाऱ्या-पावसात तिथं भाकरी थापत होतो. वाऱ्यानं जाळ कधी इकडं लागायचा, कधी आमच्या लुगड्याला. आणि नाना आत धूर नसलेल्या घरात बसून बिडी ओढायचे. फक्त आता अक्काला बिडी पेटवायला गोठ्यामागं जावं लागायचं आणि येईपर्यंत ती विझू नये म्हणून वाटेत आणखी दोन झुरके मारावे लागायचे. नाचता येईना आणि अंगण वाकडं, ते हेच.

आता याच माणसाला थंडीत भरताच्या पार्टीत बघावं. मळ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, जाळ करून हिरवी वांगी भाजतात. काय धूर असतो तो. बाकीचे लोक डोळे पुसत लांब सरकायचे आणि नाना त्या धुराच्या तोंडावर बसून कोणतं वांगं फिरवायचं ते सांगायचे. तिथं छातीत काही जात नव्हतं. भाऊबंद म्हणायचे, भरीत करावं ते नानांनीच. मिरच्या-लसूण अक्का कुटायची, लाकडी कुंडीत, म्हणजे बडगीत, वांगी मी ठेचायची आणि भरीत नानांचं.

नानांची लेक प्रमिला धुळ्याला देवपूरमध्ये दिलेली. जावई मास्तर, चांगला माणूस. तिनं बापाला ओढून तिथल्या छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. हा साधा दमा नाही, बिडीनं फुफ्फुसं सैल पडली आहेत, आत गेलेली हवा बाहेर येत नाही. झालं ते परत मिळणार नाही, पण आजपासून बिडी बंद केली तर आहे ते टिकेल. गोळ्या दिल्या, तोंडात मारायचा पंप दिला.

गावात येऊन नानांनी काय सांगावं? डॉक्टर म्हणाले, तुमची छाती फार मोठी आहे, मावत नाही फोटोत. आणि तो पंप. तो पंप त्यांनी बंडीच्या वरच्या खिशात असा लावला होता की शाळामास्तर पेन लावतो तसा दिसावा. पारावर बसून आधी शेजारच्यानं पेटवून दिलेली बिडी ओढायची, खोकून निळं व्हायचं, मग खिशातून पंप काढून सगळ्यांना दिसेल असा मारायचा, दोन मिनिटं डोळे मिटायचे, आणि बरं वाटलं की दुसरी बिडी. लोक म्हणायचे, काय हिंमत आहे नानांची. याला आमच्याकडं हिंमत म्हणतात.

अक्का कधी खोकायला लागली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. एका घरात एकच आजारी माणूस असतो, आणि ती जागा नानांनी धरलेली. विहिरीवरून हंडा आणताना अक्का दोनदा थांबायची, तेव्हा मला वाटलं वय झालं. पण वय किती, पन्नाशीही नव्हती. मग कपाशी वेचायला गेलो की ती मागं पडायला लागली. अक्का, जी तरुणपणी दोन बायांचा कापूस एकटी वेचायची. रात्री तिचा बारीक खोकला पदराच्या बोळ्यात दाबलेला ऐकू यायचा. एकदा तो नानांनीही ऐकला. म्हणाले, "मनी नक्कल करस का?"

म्हणजे मी खोकतो म्हणून तूही खोकतेस का. तेवढ्यावर ते हसले, हसता हसता त्यांना खोकला आला, आणि अक्काच उठून त्यांची पाठ चोळायला बसली. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाचं काय व्हायचं ते होवो, पण अक्काच्या छातीत जो काही दम उरला आहे तो अक्कालाच राहिला पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांची नवरी म्हणून मी या घरात आले तेव्हा मला भाकरी नीट येत नव्हती, आणि माझ्या जाड्याभरड्या भाकरी सासूसमोर तिनं आपल्या म्हणून खपवल्या होत्या. माझी आईही माझ्यासाठी तेवढं खोटं बोलली नसती.

मी प्रमिलाला निरोप धाडला. ती आली आणि आईला घेऊन गेली. नानाही निघाले, कारण डॉक्टरांकडं आपल्याशिवाय कसं होणार, आणि अक्काला धरायला म्हणून मीही. तेच डॉक्टर, तोच फोटो, तीच नळी. फोटो उजेडापुढं धरून डॉक्टर बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी विचारलं, या बिडी ओढतात का?

नाना खुर्चीतून अर्धे उठले. "डॉक्टरसाहेब, आमना घरन्या बाया बिडी नही वढतस." अब्रूला धक्का लागल्यासारखे बोलले. अक्कानंही मान हलवली, नाही. खोटं बोलली का? मुळीच नाही. तिला तसं खरोखरच वाटत होतं. आणि दारात पदर ओढून उभ्या असलेल्या मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. बिडी ओढणारी बाई म्हणजे कुठली तरी वीटभट्टीवरची, पाय पसरून बसणारी. आमच्या घरात कोण ओढतं? डॉक्टरांनी मग चुलीचं विचारलं आणि चुलीवरच दोष टाकला. नाना विजयी नजरेनं सगळ्यांकडं बघत होते. परतीच्या एसटीत धुळे सोडल्यापासून धरणगावपर्यंत ते एकच बोलत होते, मी किती वर्षं सांगत होतो.

जावयानं खटपट करून गॅस मिळवून दिला. चूल बंद झाली, आम्ही दोघी पुन्हा घरात आलो. मला वाटलं, आता अक्का सुधारेल. गॅस आला त्या दिवशी चहा झाला, आणि खाटेवरून हात लांब झाला. अक्कानं बिडी घेतली, शेगडीवर वाकली, निळ्या जाळाला टोक लावलं आणि ओढलं. धूर खाली मान घालून सोडला, टोक पुसलं, नेऊन दिली. चुलीवर जसं करायची तसंच. मी समोर पीठ मळत होते. माझे हात पिठातच राहिले.

अगं बाई, म्हटलं. चूल आम्हा दोघींची एकच. धूर एकच. मी तिच्याइतकीच वर्षं त्या चुलीपुढं बसले, आणि मी अजून डोक्यावर हंडा घेऊन चढण चढते. मग तिलाच हे का? लग्न झाल्यापासून आजपर्यंत या घरात पेटलेल्या प्रत्येक बिडीचा पहिला झुरका अक्काचा होता. विझलेली परत पेटवली तर तोही. नानांच्या आधी अक्का, प्रत्येक वेळी. आणि आम्ही सगळे, ती स्वतःसुद्धा, त्याला घरकाम समजत होतो.

धुळ्याच्या पुढच्या फेरीला नाना बाहेर बाकावर पंप मारत बसले होते. मी आत गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांच्याशी बोलायला रीत आड येत नव्हती. ते अक्काकडं वळून म्हणाले, बाई, तुम्ही तर नाही म्हणाला होतात. अक्का गोंधळून माझ्याकडं बघायला लागली, जसा काही मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता.

"मी कोठे वढस?" ती म्हणाली. "मी ते पेटाडी देस."

मी कुठं ओढते, मी तर पेटवून देते. डॉक्टरांनी हातातला फोटो खाली ठेवला. मग त्यांनी तिला लहान पोरीला समजावतात तसं समजावलं. पेटवून देणं म्हणजेच ओढणं. गेलेलं परत येणार नाही, पण आज थांबलात तर नातवंडांची लग्नं बघाल, नाहीतर नाही. नानांना आत बोलावून तेच सांगितलं. नाना ऐकून घेत होते, पण त्यांच्या तोंडावर बायकोची काळजी दिसेल तर शपथ. घरातली गोष्ट बाहेर कुणी नेली, एवढंच ते शोधत होते. घरी येऊन भिंतीकडं बघून म्हणाले, हल्ली घरात वकील फार झालेत. मी म्हशीला म्हटलं, खुनाचा खटला असला की वकील लागतोच. त्यांनी ऐकलं.

मग नानांनी स्वाभिमान दाखवला. माझी मी पेटवीन म्हणाले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुकानातून काडीपेटी मागवली. ओट्यावर बसून काडी ओढली, बिडीला लावली आणि झुरका घेतला. गाल आत गेले, मानेच्या शिरा फुगल्या, पण बिडी काही पेटेना. दुसरी काडी, तिसरी काडी. पेटलेली बिडी चालू ठेवायला थोडका दम पुरतो, पण थंड बिडीला पेटवायला छातीतून ओढ लागते, आणि ती या माणसाच्या छातीत कधीचीच राहिली नव्हती. कित्येक वर्षं अक्का ओढत होती म्हणून नाना बिडी ओढत होते. अर्धी पेटी पायाशी पडली तेव्हा त्यांनी बिडी हातात धरून नुसतं अक्काकडं बघितलं. असलं तोंड करायला ते फार हुशार.

आणि ती उठली. मी म्हटलं, अक्का, बस खाली. तर ती बिडी घेऊन शेगडीकडं जाता जाता म्हणाली, "त्यासले दुसरं काय शे?"

त्यांना दुसरं आहे काय. मला त्या दिवशी नानांइतकाच अक्काचा संताप आला. मी बिड्यांचे कट्टे पाण्याच्या माठाखाली लपवले, ते ओले झाले, तर तिनं ते तव्यावर शेकून वाळवले. मी दुकानदाराला सांगितलं, नानांना बिडी देऊ नको, तर भाऊबंद आणून द्यायला लागले. मोतीलाल म्हणून त्यांचे एक चुलतभाऊ आहेत, ते तर येताना बिडी आणि जाताना उपदेश, असे. आमच्या ह्यांना म्हटलं, तुमच्या भावाला सांगा. ते तंबाखू थुंकून म्हणाले, थोरल्या भावाला कोण सांगणार. सांगायला जीभ होती ती माझ्या तोंडात, आणि त्यावर रीतीचं कुलूप. प्रमिलानं आईला सहा महिने देवपूरला नेऊन ठेवलं, तेव्हा तिच्या तोंडावर जरा रंग आला होता. इकडं नाना जेवेनात, औषध घेईनात, मरतो म्हणून निरोप धाडला. अक्का परत आली. त्याच संध्याकाळी हात लांब झाला.

शहाण्णवच्या पौषात अक्का गेली. शेवटचे आठ-दहा दिवस तिला आडवं होता येत नव्हतं. आडवी झाली की जीव कोंडायचा. भिंतीला उश्या लावून मी तिला बसवायची आणि मागून धरून असायची. तिची पाठ माझ्या छातीला लागलेली, आणि आत नुसती शिट्टी. तिनं शेवटी काय मागितलं असेल? मला म्हणाली, त्यांना वेळेवर वाढत जा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते दुःखाचं किती आणि रागाचं किती, मलाच कळत नव्हतं.

बाराव्याला मांडवात सगळं गाव होतं. मध्ये खाटेवर लोडाला टेकून नाना, बाजूला भाऊबंद, भिंतीशी अक्काचा फोटो, त्यापुढं दिवा. जो येई तो नानांचा हात धरून हळहळे. बिचारे स्वतः एवढे आजारी, आणि देवानं बघा कसं केलं. आता यांचं कोण करणार. मेली ती, पण कीव जिवंत माणसाची. नाना प्रत्येकाला मान हलवून दाद देत होते. एवढ्यात त्यांनी बंडीच्या खिशातून बिडी काढली आणि न बघता हात स्वयंपाकघराच्या दाराकडं लांब केला.

"ऐकस का वं," त्यांच्या तोंडून गेलं.

बायकांमध्ये हुंदके फुटले, अगं बाई, कशी आठवण निघाली बघा जिवाभावाची. हात तसाच हवेत. दारात मी उभी होते. मी बाहेर आले. फोटोपुढच्या दिव्याजवळची काडीपेटी उचलली आणि सगळ्या माणसांमधून चालत जाऊन त्यांच्या पसरलेल्या हातावर ठेवली. पदर खांद्यावर आला होता. तो मी तिथंच राहू दिला.

"नाना," मी म्हटलं, "अक्का गई. आते तुम्हनी बिडी तुम्हीच पेटाडा."

त्यांनी वर बघितलं. एवढ्या वर्षांत माझं तोंड त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असेल. कुणीतरी मागून म्हणालं, जेठाशी बोलते ही. आमचे हे उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. नानांनी काडी ओढली. बिडीला लावली, गाल आत गेले, डोळे बाहेर आले, काडी बोटापर्यंत जळाली. बिडी थंड. दुसरी काडी. तीही गेली. शंभर माणसं बघत होती आणि एक माणूस बिडी पेटवू शकत नव्हता.

मोतीलालना राहवलं नाही. आणा नाना, मी देतो पेटवून, म्हणून त्यांनी हात पुढं केला. मी त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, पेटवा की. अक्कानं जन्मभर अशीच पेटवून दिली, प्रत्येक बिडीचा पहिला झुरका तिचा आणि बाकीची यांची. डॉक्टरांनी सांगितलं तरी मागितली, ती धापा टाकत होती तरी मागितली. तो तिचा फोटो. तुम्हाला तुमची छाती द्यायची असेल तर द्या, यांना घ्यायची लाज नाही.

मोतीलालनी हात मागं घेतला. नानांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, कुणीच जवळ येईना. मग त्यांनी बिडी खिशात ठेवली. त्यानंतर आमच्या गावात कुणी त्यांना बिडी पेटवून दिली नाही.

बघा, एवढंच झालं. आणि ज्यांनी हे बघितलं तेच लोक महिनाभरात सांगायला लागले की नानांनी बाराव्याला बिडी खिशात ठेवली ती बायकोच्या नावानं ठेवली. आधी नाना ऐकून गप्प बसायचे. मग मान हलवायला लागले. आता स्वतःच सांगतात, डोळ्यांत पाणी आणून, पंप मारून. लोक पाया पडतात.

मी त्यांना वेळेवर वाढते. अक्काला तसा शब्द दिला आहे. धोतर धुते, औषध देते, आणि जे बोलायचं ते आता तोंडावर बोलते. कुणाची बंदी नाही त्यांना. रोज सकाळी खाट झाडली की बिडीचा कट्टा आणि काडीपेटी त्यांच्या उशाशी ठेवते, हाताला लागेल अशी. काडीपेटी भरलेली असते. पावसाळ्यात सर्दावली तर मी बदलते.